स्वारगेटचा देखावा : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

८ जून, रविवार

गणेश मंडळाच्या बैठकीत यंदाच्या देखाव्याचा विषय ठरला : पुण्यातला स्वारगेट चौक. ऐतिहासिक प्रसंग हवा असं म्हणणारे बरेच होते, पण एक मुद्दा सगळ्यांना पटला. मेट्रो स्वारगेटपर्यंत आली ती २९ सप्टेंबर २०२४ ला. तोवर मागच्या वर्षीचं विसर्जन होऊन गेलं होतं. म्हणजे स्वारगेटला मेट्रोतून उतरून लोक गणपती बघायला येणार, असा हा पहिलाच उत्सव. त्यांना पायाखालची जागा दाखवायची.

मंडप १२ बाय १५ फूट. देखाव्यासाठी वर्गणीतून ६० हजार. थर्माकोल २०१८ पासून बंद आहे, त्यामुळे एमडीएफ (लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले तक्ते), पुठ्ठा, बांबू आणि कागदाचा लगदा एवढ्यातच सगळं बसवायचं. दुसऱ्या कुठल्या मंडळाला किंवा शाळेला आपल्या चौकाचा असा देखावा करायचा झाला तर उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी.

१५ जून, रविवार

पहिला आराखडा : मोठा चौकोनी ढोल, चार बाजूंना चार काळ. गाडीच्या वायपरच्या मोटरवर फिरणार, दर मिनिटाला एक काळ समोर येणार. काळ असे ठरले : १९५० च्या आसपास, १९८० चं दशक, २००६ नंतरचा बीआरटी (बससाठी वेगळी मार्गिका) आणि उड्डाणपुलाचा काळ, आणि आजचा. आजच्या चौकाला जमिनीखालचा छेदही असेल, म्हणजे जमीन उभी कापून आतलं दाखवणारा भाग.

मोटर नाना पेठेतून जुनी घेतली, ६५० रुपये. टिंबर मार्केटमधून प्लाय आणि एमडीएफ मिळून १४,२०० रुपये. एमडीएफ घेताना ६ मिलिमीटर घेतलं, भक्कम म्हणून. त्याचं पुढे काय झालं ते २० जुलैच्या नोंदीत आहे.

२१ जून, शनिवार

पालख्या शहरात आहेत, रस्ते बंद, सामान आणणं शक्य नव्हतं. म्हणून एसटीत वाहक म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या वाड्यातल्या काकांकडे बसलो. ते सातारा, कोल्हापूर, सांगली अशा मार्गांवर होते. आराखडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी इमारतींवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “ह्यात माणूस कुठाय? साताऱ्याहून उतरलेली बाई कुठं जाते ते दाखवा. कडेवर पोर, हातात पिशवी. मला नोकरीभर एकच प्रश्न, ‘मास्तर, शनिपारची गाडी कुठनं मिळंल?’ आणि मी हात करायचो रस्त्यापलीकडं.”

या एका वाक्याने सगळा देखावा बदलला. आम्ही चौकाचा इतिहास वाहनांच्या बाजूने मांडत होतो. कोणती गाडी कधी आली, पूल कधी झाला, मेट्रो कधी आली. स्वारगेटला माणूस थांबायला येत नाही, एका गाडीतून उतरून दुसरी पकडायला येतो. मग त्या दोन गाड्यांमधलं चालणं हाच देखाव्याचा विषय हवा.

ठरलं : चारही काळांत तीच बाई, तेच मूल, तीच पिशवी. ती एसटीतून उतरते आणि पुढच्या गाडीपर्यंत चालते. हलणारी गोष्ट तेवढी एकच.

२९ जून, रविवार

ढोल उभा करून पाहिला आणि सोडून दिला. वायपरची मोटर अर्ध्या फेरीत झटका देते. त्या झटक्याने चिकटवलेल्या बसगाड्या सुटून पडल्या. एका बाजूला छेदाचं वजन जास्त असल्याने ढोल तिकडे ओढत होता. दुसऱ्या बाजूला वाळूची पिशवी बांधून तोल साधला, पण तासाभरात मोटरच्या आतलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक झिजून गेलं. ढोलाचा सांगाडा, मोटर आणि मजुरी मिळून साधारण ९ हजार रुपये गेले आणि दोन आठवडे गेले.

वजनदार देखावा फिरवायचा असेल तर खाली बेअरिंगची थाळी आणि गिअर असलेली मोटर हवी, आणि तिची किंमत आमच्या ऐपतीबाहेर होती. त्याऐवजी चार टेबलं एका ओळीत, प्रत्येक तीन फूट रुंद. डावीकडून उजवीकडे काळ पुढे सरकतो. बघणाराच चालतो, आणि या विषयाला ते जास्त शोभतं.

याचा एक परिणाम झाला. आधी प्रमाण १:१०० धरलं होतं. तीन फुटांत त्या प्रमाणाने जेमतेम ९० मीटर बसतात, आणि एसटी स्थानक व चौकाची पलीकडची बाजू एकत्र मावतच नाही. प्रमाण १:२०० केलं. बस ११ सेंटिमीटरवरून साडेपाचवर आली. केलेल्या बसगाड्या बाद.

६ जुलै, रविवार, आषाढी

पहिल्या टेबलाचं काम. १९४८ च्या १ जूनला पुणे–नगर मार्गावर राज्य परिवहनची पहिली गाडी सुटली. आजच्या मुलांना एसटी म्हणजे लाल रंगच डोळ्यांसमोर येतो, पण सुरुवातीच्या गाड्या निळ्या होत्या, वरचा भाग चंदेरी. बेडफर्डच्या ३० आसनी, लाकडी सांगाड्याच्या. मुलांनी सगळ्या बस लाल रंगवून आणल्या होत्या, त्या पुन्हा रंगवल्या. पन्नाशीच्या सुरुवातीला पुणे–महाबळेश्वर मार्गावर ‘नीलकमल’ आणि ‘गिरिआरोहिणी’ नावाच्या दोन आरामगाड्या धावत. आत पडदे, घड्याळ, हिरवट काचा. त्यातली एक आम्ही केली. साडेपाच सेंटिमीटरच्या गाडीत घड्याळ दिसणार नाही हे माहीत असूनही एका मुलीने सुईच्या टोकाने ते काढलं. राहू दिलं.

शहरातली बससेवा तेव्हा सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खासगी कंपनीकडे होती. पुणे महापालिका १५ फेब्रुवारी १९५० ला झाली आणि त्याच वर्षी शहर बससेवा पालिकेकडे येऊन पीएमटी सुरू झाली. या टेबलावर बाई एसटीतून उतरते आणि टांग्यापाशी जाते. रस्ता मोकळा, वाट सरळ. यंत्रणेची चाचणी याच टेबलावर करायची ठरली, कारण इथली वाट सगळ्यात सोपी.

बैठकीला मूळच्या दादरच्या एक आजी होत्या. त्यांनी विचारलं, ट्राम कुठे आहे? पुण्यात ट्राम कधीच धावली नाही, म्हणून टेबलावर ती नाही. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला आली, विजेची ७ मे १९०७ ला, आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली. आजींना दादर टीटी (ट्राम टर्मिनस) आठवत होतं ते ट्रामच्या डब्यामुळे नाही, तर तिथून रेल्वेपर्यंत आईचा हात धरून चालत गेल्यामुळे. काकांचंच म्हणणं दुसऱ्या शहरातून परत आलं.

१३ जुलै, रविवार

दुसरं टेबल, १९८० चं दशक. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांवरून ज्यांना ‘एशियाड’ नाव पडलं त्या गाड्या, बाकी लाल गाड्या, आणि चौकभर विखुरलेले पीएमटीचे थांबे. काकांनी थांबे खडूने काढून दाखवले. ज्या दिशेची गाडी त्या रस्त्याला थांबा, त्यामुळे नवख्या माणसाने आधी दिशा विचारायची, मग रस्ता ओलांडायचा, मग पुन्हा विचारायचं. बाईची वाट या टेबलावर दोनदा वळते.

थांब्यांच्या पाट्यांचं लेझर कटिंग एका दुकानात टाकलं होतं. फाइल मिलिमीटरमध्ये दिली, त्यांनी इंचात उघडली आणि आम्हाला न विचारता ‘बसेल एवढी’ करून कापली. पाट्या माणसांपेक्षा तिप्पट उंच निघाल्या. ६,५०० रुपयांतले निम्मे वाया. आता प्रत्येक फाइलमध्ये कोपऱ्यात १०० मिलिमीटरची रेघ काढतो आणि दुकानदाराला सांगतो, आधी ही रेघ कापा, पट्टीने मोजा, मग बाकीचं.

२० जुलै, रविवार

बाई चालवणं. कल्पना साधी : टेबलाखाली नायलॉनच्या दोरीवर लोहचुंबक, वर बाईच्या पायाशी दुसरा चुंबक. खाली कप्प्यांवरून फिरणारी दोरी मोटर ओढते, वरची आकृती मागोमाग सरकते. चुंबक आणि कप्प्या मिळून १,९०० रुपये. मोटर इथेही वायपरचीच, पण ओझं नसल्यामुळे ती कुरकुर न करता चालते. झटका दोरीच्या ताणात जिरतो.

काय काय बिघडलं ते क्रमाने. ६ मिलिमीटरच्या एमडीएफमधून चुंबकाची पकड पुरेना, वळणावर बाई मागेच राहायची. फक्त वाटेपुरती पट्टी कापून तिथे ३ मिलिमीटरचं एमडीएफ बसवलं. मग ती एका जागी हमखास अडायला लागली. पाहिलं तर खाली खिळ्याचं डोकं, चुंबक त्यालाच चिकटत होता. वाटेच्या आसपासचे सगळे खिळे उपटून पितळी स्क्रू लावले. दोन दिवस नीट चाललं. मग पावसाळी हवेने एमडीएफ फुगलं, पृष्ठभाग खरखरीत झाला आणि आकृती थरथरत जायला लागली. वाटेवर सनमायकाची अरुंद पट्टी चिकटवली आणि वरून मेण चोळलं. तेव्हापासून त्रास नाही.

दुसऱ्या कोणी हे करणार असेल तर सनमायका पहिल्या दिवशीच लावा. पुण्यात गणपतीचं काम म्हणजे पावसाळ्यातलं काम.

२७ जुलै, रविवार

तिसरं टेबल. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर हा बीआरटीचा मार्ग सुरू झाला, देशातला तो पहिलाच प्रयोग. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९ ऑक्टोबर २००७ ला, पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. त्यानंतरच्या काळात चौकावर केशवराव जेधे यांच्या नावाचा उड्डाणपूल आला.

या टेबलावर बाईची वाट आखताना आम्ही सगळे गप्प झालो. बीआरटीत बसला स्वतःची मार्गिका मिळाली, आणि मला ती कल्पना आजही योग्यच वाटते. पण थांबा गेला रस्त्याच्या मधोमध. म्हणजे बसपर्यंत पोहोचायचं तर धावत्या वाहनांमधून जायचं. पुलामुळे वरून जाणाऱ्यांची सुटका झाली, खालून चालणाऱ्याला खांबांना वळसा आणि पुन्हा तोच सिग्नल. चारही टेबलांत सर्वांत लांब, सर्वांत वळणाची दोरी याच टेबलाची. कप्प्याही इथेच सर्वांत जास्त लागल्या. काकांना दाखवलं तर म्हणाले, “बघा, दोरी खोटं बोलत नाही.”

उड्डाणपूल दुपदरी पुठ्ठ्याचा केला, तो आठवड्यात मधोमध खाली बसला. उलटून आतल्या बाजूने बांबूच्या कामट्या लांबीच्या दिशेने चिकटवल्या, दर दोन इंचाला एक. आता हाताने दाबला तरी वाकत नाही. पुठ्ठ्याच्या नळ्या पुलाच्या लांबीला समांतर येतील असा पुठ्ठा कापला असता तर कामट्या कमी लागल्या असत्या.

३ ऑगस्ट, रविवार

चौथं टेबल आणि छेद. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

मेट्रोची भूमिपूजनाची तारीख २४ डिसेंबर २०१६. भुयार कृषी महाविद्यालय आणि स्वारगेट अशा दोन्ही टोकांकडून खोदत आणलं, ते मुठेच्या पात्राखालून आणि जुन्या पेठांच्या खालून गेलं. शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई, स्वारगेट ही त्यावरची स्थानकं. जिल्हा न्यायालयाला वनाज–रामवाडी मार्गिका जमिनीच्या वर आहे आणि आपली खाली, ३३.१ मीटर खोल. १:२०० ने ती खोली जेमतेम साडेसोळा सेंटिमीटर होते. आमच्या छेदातही मजले एवढे चेपले जाऊ लागले की सरकता जिना दिसेना. म्हणून छेदाची उंची दुप्पट केली आणि तशी पाटी लावली : ‘खोली मूळ प्रमाणाच्या दुप्पट दाखवली आहे’. ती पाटी लहान करावी असा एक आग्रह होता. मी मानला नाही. लोक देखाव्यावरून जागा समजून घेतात, त्यांना माप कळलंच पाहिजे.

छेदात एक जुनी गोष्टही आहे. मार्च २०१९ मध्ये मेट्रोच्या खोदकामात इथे पाण्याचा जुना बोगदा सापडला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत आणलेल्या नळाच्या, हौदांच्या आणि उच्छ्वासांच्या (हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांच्या) गोष्टी पेठेतल्या मुलांनी ऐकलेल्या असतात, पण जमिनीखाली काय काय आहे ते बघायला मिळत नाही. तो बोगदा कागदाच्या लगद्याचा केला. चार दिवसांत आतून पांढरी बुरशी. लगदा फेकला, नव्याने केला, खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घातलं. जुने बुकबाइंडर हेच करतात. मुलांना मोरचुदाला हात लावू देऊ नका, हातमोजे घालून मोठ्यांनीच मिसळा.

१० ऑगस्ट, रविवार

दिवे. एलईडीच्या पट्ट्या आणि १२ व्होल्टचे अडॉप्टर तपकीर गल्लीतून, ३,८०० रुपये. लांब पट्टीला एकाच टोकाने वीज दिली तर दुसरं टोक पिवळं, मंद पडतं. दोन्ही टोकांनी दिली आणि फरक मिटला. अडॉप्टर मात्र बंद खोक्यात ठेवू नका, आमचा एक हात लावता येणार नाही इतका तापला. आता टेबलाखाली उघड्यावर, लाकडी ठोकळ्यांवर आहेत.

महिला समितीतल्या ताई रोज स्वारगेटहून मेट्रोने पिंपरीला नोकरीला जातात. त्यांनी चौथ्या टेबलावर एक बदल सांगितला. आम्ही स्थानकाचा दर्शनी भाग आणि मेट्रोचं प्रवेशद्वार झगमगीत केलं होतं, गाड्या उभ्या राहतात तो मागचा भाग अंधारात होता. त्या म्हणाल्या, “फेब्रुवारीत काय झालं ते विसरलात का? पहाटे इथेच उभ्या असलेल्या गाडीत त्या मुलीवर अत्याचार झाला. बाईची वाट दाखवताय ना, मग ती जिथून जाते ती प्रत्येक जागा उजेडात पाहिजे.” त्या रात्री दर्शनी भागाची अर्धी पट्टी काढून मागच्या आवारात लावली. देखावा थोडा कमी चमकतो. मला आता तो बरोबर वाटतो.

ताईंनीच चौथ्या टेबलावरची वाट आखली. स्वारगेटला आखलेल्या एकत्रित वाहतूक केंद्राच्या आराखड्याचा गाभाच हा आहे की मेट्रो, पीएमपी, एसटी आणि रिक्षा एकमेकांना जोडायच्या आणि माणसाने वाहनांच्या आडवं जायचं नाही. इथे बाई रस्ता ओलांडत नाही, खाली उतरते. तिकीट-मजला, मग फलाट, मग तीन डब्यांची गाडी. दोरी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणं अवघड होतं. आकृती जिन्यात शिरते तिथे वरची बाई आड होते आणि खाली दुसरी तशीच बाई निघते. दोन मोटरींची वेळ जुळवायला साधा टायमर वापरला.

१७ ऑगस्ट, रविवार

चाचणीला वस्तीतली मुलं बोलावली. छेद जमिनीपासून अडीच फुटांवर, पण तिकीट-मजल्यावर वरचा चौक छपरासारखा येतो. मोठ्यांना वाकावं लागतं, आणि आई-बापांच्या मागे उभ्या राहिलेल्या मुलांना काहीच दिसत नव्हतं. छेदासमोर खाली ४५ अंशांत आरसा बसवला, काचेऐवजी ॲक्रिलिकचा, २,४०० रुपये. लांबूनही फलाट दिसतो. आरशात अक्षरं उलटी दिसतात, म्हणून स्थानकाच्या नावाची एक जास्तीची पाटी उलटी लिहून फक्त आरशासाठी लावली.

२० ऑगस्ट, बुधवार

तीन दिवस मुसळधार. मंडपाच्या ताडपत्रीत पाणी साचलं आणि एका कोपऱ्यातून तिसऱ्या टेबलावर गळलं. पुलाचा एक उतार मऊ पडला. वाळवून वर फेव्हिकॉल आणि डिस्टेंपरचे दोन हात दिले. ताडपत्रीला मधोमध बांबूचा टेकू देऊन उतार केला. हे काम पहिल्याच दिवशी व्हायला हवं असतं, सजावटीच्या आधी छप्पर.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल प्रतिष्ठापना झाली, देखावा सुरू. पहिल्या रात्री वरची बाई जिन्यात शिरण्याआधीच खालची निघत होती. टायमर पुन्हा लावला.

लोक सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्या टेबलापाशी थांबतात, हे आम्हाला अपेक्षित नव्हतं. चौथ्यापाशी गर्दी होईल म्हणून तिथे जागा जास्त सोडली होती. तिसऱ्यापाशी प्रत्येकाला स्वतःचं काहीतरी आठवतं. एक गृहस्थ मुलीला सांगत होते की हडपसरच्या थांब्यावर जाताना ते तिला खांद्यावर घेत. रांग अडायला लागली, म्हणून दोन कार्यकर्ते तिथेच उभे केले आणि तिसऱ्या-चौथ्या टेबलामधलं अंतर फूटभर वाढवलं.

८ सप्टेंबर, सोमवार

विसर्जन आटोपलं. एकूण खर्च ५७,३०० रुपये, त्यात वाया गेलेले सुमारे साडेबारा हजार. ढोल आणि लेझरच्या पाट्या हा त्यातला मोठा भाग.

एका शाळेने चारही टेबलं मागितली आहेत. त्यांच्या वर्गाचं दार अरुंद आहे, पण टेबलं तीन फुटी असल्याने आडवी करून जातात. छेद मात्र वेगळा काढावा लागला. तो आठ पितळी स्क्रूंवर आहे, आणि तारांना मध्येच प्लग असल्यामुळे कापाकापी झाली नाही. मोरचुदाचा बोगदा शाळेत पाठवताना त्यावर वार्निशचा जाड थर दिला आणि जाळी लावली.

छेदाची दक्षिणेकडची भिंत आम्ही चिकटवली नव्हती, नुसती अडकवली आहे. स्वारगेट ते कात्रज या साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. तो पुरा झाला की ही भिंत काढून पुढचं टेबल जोडायचं, आणि साताऱ्याहून आलेली बाई कात्रजलाच उतरून मेट्रोत बसते का ते दाखवायचं. त्या टेबलासाठी ३ मिलिमीटरचं एमडीएफ, सनमायका आणि पितळी स्क्रू एका खोक्यात घालून मंडळाच्या माळ्यावर ठेवले आहेत. खोक्यावर नाव लिहिलंय, किल्ली खजिनदारांकडे.